कौतुकाची तक्रार

बेचाळीस नंबरच्या बसमध्ये त्यांना सगळे घड्याळराव म्हणत, आणि हे नाव आपल्याला कशामुळे पडलं असावं याबद्दल घड्याळरावांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. सकाळची सात बावन्नची बस अकरा वर्षांत त्यांनी एकदाही चुकवली नव्हती. ते इमारतीच्या फाटकातून बाहेर पडत आणि फाटकाला लागूनच असलेल्या थांब्यावर बस उभी असे. दार उघडं असे. म्हणजे ती नुकतीच आलेली असे. त्या थांब्यावर चढणारे ते एकटेच, त्यामुळे घाईगर्दीचा प्रश्न नव्हता. घड्याळराव शांतपणे चढत, डावीकडची तिसरी सीट पकडत आणि मनगटावरचं घड्याळ सात बावन्नला लावून घेत. या पद्धतीमुळे त्यांचं घड्याळ कायम बिनचूक राही. एका विमा कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात ते हेडक्लार्क होते. तिथलं भिंतीवरचं घड्याळ मात्र नेहमी दीड-दोन मिनिटं पुढे असे, आणि त्यांनी ते दोनदा लेखी अर्ज करून मागे घ्यायला लावलं होतं.

घरात या वक्तशीरपणाची कोणाला कदर नव्हती. त्यांची बायको सकाळपासून ‘अहो, आटपा’ एवढं एकच वाक्य वेगवेगळ्या चालींत म्हणे, आणि ते वृत्तपत्राची घडी घालता घालता ‘अजून वेळ आहे’ हे दुसरं. शिवाय तिला एक विचित्र खोड होती. मागच्या बाजूला कपडे वाळत घालायच्या चार दोऱ्या असताना ती घड्याळरावांचा ओला हिरवा टॉवेल रोज सकाळी पुढच्या गॅलरीच्या कठड्यावर टाकी. इमारतीच्या समितीनं दर्शनी भागाच्या शोभेबद्दल दोनदा नोटीस दिली. घड्याळरावांनी समजावलं, रागावून पाहिलं, शेवटी दोन दिवस अबोला धरला. अबोल्यात घर शांत राहतं असं म्हणून बायकोनं तिसऱ्या दिवशीही टॉवेल तिथेच टाकला. काही बायकांना तर्क चालत नाही, असा शेरा मारून घड्याळरावांनी तो विषय दप्तरी दाखल केला.

तर, मुद्दा बसचा. बेचाळीस नंबरचा ड्रायव्हर पन्नाशीच्या आसपासचा, जाड मिशांचा, मोजकं बोलणारा माणूस होता. सगळे त्याला दादा म्हणत. एका सकाळी घड्याळरावांनी वृत्तपत्र घरी राहिलं म्हणून प्रथमच बसमध्ये मान वर करून पाहिलं, आणि त्यांना गहिवरून आलं. पुलाजवळच्या थांब्यावर एक आजी चढल्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात दोन पिशव्या. अंथरुणाला खिळलेल्या बहिणीकडे त्या रोज जेवण घेऊन जात. त्या चढल्या, पिशव्या ठेवल्या, काठी टेकवली, पदर सारखा केला, सीटवर हात फिरवून बसल्या. हे सगळं होईपर्यंत दादा आरशात बघत गाडी धरून उभा होता. पुढे इस्पितळाच्या मागच्या फाटकाशी, जिथे थांबा नव्हताच, तिथे गाडी हळू झाली आणि एक नर्स, जिला सगळे सिस्टर म्हणत, टुणकन उतरून ड्युटीवर गेली. मुख्य थांब्यावरून तिला सात मिनिटं उलटं चालावं लागलं असतं. बाजाराच्या कोपऱ्यावर एका शिंप्यानं खिडकीतून कपड्यांचं गाठोडं आत दिलं. ते एकटंच प्रवास करून शेवटच्या थांब्यावर काज-बटणं करणाऱ्याकडे जायचं होतं. शिंपीमास्तर स्वतः पुढच्या बसनं येत.

घड्याळराव तीस वर्षं लोकांना नकार कळवत होते. ‘आपला दावा नियमांत बसत नसल्याने खेद वाटतो’ हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा लिहिलं होतं की झोपेतही ते त्यांच्या तोंडून योग्य त्या विरामचिन्हांसह येई. निवृत्तीला वर्ष उरलं होतं. एकदा तरी आयुष्यात कुणाचं तरी चांगलं लिहावं, आणि ते असं लिहावं की वरिष्ठ कार्यालयात खुर्च्या सरकल्या पाहिजेत, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यांनी ठरवलं, दादाचं प्रशस्तिपत्र लिहायचं.

पहिल्या मसुद्यात ‘सेवाभावी’ हा शब्द अकरा वेळा आला. तो त्यांनी खालच्या मजल्यावरच्या निवृत्त उपअधीक्षकांना दाखवला. हे गृहस्थ कोणत्या खात्यातून निवृत्त झाले होते हे कोणालाच माहीत नव्हतं; पण सगळ्या खात्यांबद्दल त्यांना माहिती होती.

“विशेषणं कोण वाचतंय?” उपअधीक्षक म्हणाले. “तारीख द्या, वेळ द्या, ठिकाण द्या. किती सेकंद थांबला ते लिहा. सरकारी माणसाला आकडा दिसला की तो जागा होतो. आणि परिशिष्ट हवंच. परिशिष्टाशिवाय पत्र म्हणजे नुसत्या गप्पा.”

घड्याळरावांना हे तंतोतंत पटलं. दुसऱ्या दिवसापासून ते बसमध्ये वही घेऊन बसू लागले. आजी चढल्या की घड्याळाकडे बघत, पुटपुटत, लिहीत. नर्स उतरली की मागे वळून खांबाचा क्रमांक टिपून घेत. एकदा त्यांनी गाठोडं किती किलोचं असेल हे उचलून पाहिलं. तीन-चार दिवसांत बसमधली बोलणी कमी झाली. सिस्टर त्यांच्याकडे चोरून बघू लागली. शेवटी एकदा दादानंच सिग्नलला मागे वळून विचारलं, “साहेब, काय लिहिताय एवढं?”

“तुमच्यावरच लिहितोय, दादा. वर कळवणार आहे.”

दादाचा चेहरा उतरला. “नका लिहू, साहेब. तोंडानं म्हणालात, पोचलं. कागदावर नको.”

“असं कसं? झाकून का ठेवायचं?”

“झाकलेलं बरं असतं काही काही,” दादा म्हणाला, आणि सिग्नल सुटला.

आजींनीही पिशवीतून मान वर काढून सांगून पाहिलं, “अहो, चाललंय ते चालू द्या ना.” सिस्टर म्हणाली, “काका, खरंच राहू द्या.” घड्याळरावांनी हा सगळा विनय समजून वहीत नोंदवला आणि परिशिष्ट ‘ड’मध्ये घातला: ‘सदर चालक प्रसिद्धिपराङ्मुख असून आपल्या कृत्यांची वाच्यता होऊ नये यासाठी प्रयत्नशील असतो.’ या वाक्यावर ते बेहद्द खूश होते.

वाहतूक कार्यालयात चार नंबरच्या खिडकीत एक कारकून पेन्सिलीला टोक करत बसला होता. घड्याळरावांनी चौदा पानांचा गठ्ठा आत सरकवला.

“फॉर्म कुठाय?” कारकुनानं विचारलं.

“हे प्रशस्तिपत्र आहे. तुमच्या एका चालकाचं कौतुक केलंय.”

“कौतुकाचा फॉर्म नाही आपल्याकडे.”

“मग लोक कौतुक कसं करतात?”

कारकुनानं पेन्सिल खाली ठेवून पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. “अजून कोणी केलं नाही,” तो म्हणाला. “तक्रारीचा फॉर्म आहे. तो भरा, मागे हे जोडा. ‘तक्रारीचे स्वरूप’ आहे तिथे कौतुक असं लिहा. वर जे वाचतील ते वाचतील की.”

घड्याळरावांनी सुंदर अक्षरात ‘कौतुक’ लिहिलं. कारकुनानं परिशिष्टं चाळली. चाळता चाळता त्याचा चेहरा गंभीर झाला, मग त्यात आदर आला. “हे सगळं तुम्ही स्वतः टिपलंत? सेकंदांसकट?” तो म्हणाला, आणि फॉर्मवर एकामागून एक तीन शिक्के मारले. उलट्या बाजूनं घड्याळरावांना ते वाचता आले नाहीत. पोच पावती खिशात घालून ते तरंगत घरी आले. बायकोला त्यांनी सगळं सविस्तर सांगितलं. ती टॉवेलची घडी घालत होती. ती थांबली, म्हणाली, “दादाबद्दल लिहून दिलंत? कागदावर?” आणि मग संध्याकाळभर स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. मत्सर, असं घड्याळरावांना वाटलं.

तीन आठवड्यांनी एका मंगळवारी सकाळी ते फाटकातून बाहेर पडले, तर थांब्यावर बस नव्हती.

असं कधी झालंच नव्हतं, त्यामुळे असं झालं म्हणजे काय करायचं हे त्यांना माहीत नव्हतं. ते थांब्याच्या खांबाला धरून उभे राहिले. दूरवर, वळणापाशी, बेचाळीस नंबरची पाठ दिसली आणि दिसेनाशी झाली. म्हणजे बस वेळेआधी आली, हे उघड होतं. त्याच दिवशी त्यांनी ‘गाडी नियोजित वेळेपूर्वी सुटणे’ या विषयावर तक्रार लिहिली. बुधवारीही तेच झालं. गुरुवारी ते थोडं धावले. फाटकाच्या कडीत छत्री अडकली आणि ती सोडवेपर्यंत बस गेली. शुक्रवारी त्यांना नुसता धूर मिळाला. चार दिवस ते कचेरीत उशिरा पोचले. चौथ्या दिवशी शिपायानं त्यांच्याकडे न बघता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, आणि हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं.

शुक्रवारी संध्याकाळी परतीच्या बसमध्ये सिस्टर भेटली. ती त्यांच्याशेजारी बसली नाही. समोर येऊन उभी राहिली.

“दादाला गाडीवरून उतरवलंय,” ती म्हणाली. “नवा माणूस आलाय. घड्याळाचा पक्का. काल आजी चढताना त्यानं गाडी हलवली, पडता पडता वाचल्या.”

“उतरवलं? का?”

“तुमच्यामुळे, काका. ‘अनधिकृत थांबा’, ‘वेळापत्रकाचा भंग’ आणि ‘प्रवाशाविना सामान’. तीन शिक्के आहेत तुमच्या कागदावर. इतकी पद्धतशीर तक्रार पूर्वी कधी आली नव्हती म्हणे. सोमवारी चौकशी आहे. सिद्ध झालं तर दादाची बदली थेट टेकडीपलीकडच्या आगारात. दोन तास जायला, दोन तास यायला. त्याची आई घरी एकटी असते, माहीत आहे ना?”

घड्याळरावांना हे माहीत नव्हतं. अकरा वर्षांत त्यांनी दादाला त्याच्या घराबद्दल एक शब्द विचारला नव्हता. ती माहिती कोणत्याच परिशिष्टात नव्हती.

शनिवारी ते पुन्हा चार नंबरच्या खिडकीशी गेले. कारकुनानं त्यांना ओळखलं आणि खुर्ची दिली. तक्रार मागे घेता येत होती; त्यासाठी वेगळा फॉर्म होता. त्यात एकच ओळ भरायची होती: ‘मी यापूर्वी दिलेली माहिती खोटी होती व ती मी हेतुपुरस्सर दिली.’ खाली सही, आणि सोमवारी चौकशीत समक्ष हजेरी.

तीस वर्षांच्या पत्रव्यवहारात घड्याळरावांनी एक आकडासुद्धा चुकीचा लिहिला नव्हता. फॉर्म घेऊन ते उपअधीक्षकांकडे गेले. उपअधीक्षक म्हणाले, “सही करू नका. खोटेपणा कबूल केलात तर तुमच्यावरच प्रकरण शेकेल. तुम्ही आजारी पडा. मी माझ्या नोकरीत सगळ्या चौकशांना आजारी होतो.” घड्याळराव रविवारभर फॉर्मसमोर बसून राहिले. संध्याकाळी बायकोनं फक्त एवढंच म्हटलं, “त्या माणसाचं नुकसान झालं तर मी तुमच्या हातचं एक पत्र या घरात ठेवायची नाही.” त्यांनी सही केली. अक्षर खराब आलं.

सोमवारी चौकशीच्या खोलीत एक लांब टेबल, एक कुरकुरणारा पंखा आणि टेबलामागे चष्मा कपाळावर चढवलेले चौकशी अधिकारी होते. दादा खुर्ची असून उभा होता. बाकावर आजी, सिस्टर आणि शिंपीमास्तर ओळीनं बसले होते. घड्याळराव आत आले तेव्हा त्यांच्यासाठी कोणी सरकलं नाही.

अधिकाऱ्यांनी साक्षी सुरू केल्या. आजी काठी लपवून उभ्या राहिल्या. “माझ्यासाठी? थांबतो कशाला? मी चढते झटक्यात. माझी मलाच कधी कधी भीती वाटते.” सिस्टर म्हणाली की मागच्या फाटकाशी गाडी थांबत नाही, ती रोज सात मिनिटं उलटी चालत येते आणि त्यामुळे तिची तब्येत सुधारली आहे. शिंपीमास्तर म्हणाले, “गाठोडं? तोंडावर फेकलं त्यानं माझ्या. फार उर्मट माणूस आहे. ठेवा त्याला ह्याच गाडीवर, चांगली अद्दल घडेल.”

दादा आपल्या उर्मटपणाची वर्णनं मान खाली घालून ऐकत होता. घड्याळरावांनीही आपला फॉर्म दिला आणि पत्र खोटं असल्याचं तोंडी सांगितलं. आता संपलं, असं सगळ्यांना वाटलं. तेवढ्यात अधिकाऱ्यांनी चष्मा नाकावर घेतला आणि एक लांबलचक कागद उलगडला.

“गाडीत यंत्र बसवलंय,” ते म्हणाले. “कुठे किती सेकंद उभी राहिली, सगळी नोंद होते. तुमच्या पत्रातलं सगळं सोडून देऊ. पण सगळ्यांत मोठा खोळंबा तर पत्रात नाहीच. हा थांबा बघा. सात बावन्नला गाडी येते. रोज सरासरी एक मिनिट चाळीस सेकंद उभी. चढणारा प्रवासी एक.”

त्यांनी थांब्याचं नाव वाचलं. घड्याळराव मदतीच्या भावनेनं लगेच उठले.

“यंत्र चुकतंय. तो माझाच थांबा आहे. तिथे गाडी अजिबात थांबत नाही. मी आणि बस एकाच वेळी येतो.”

खोलीत कोणीतरी खोकलं. सिस्टर खिडकीबाहेर बघू लागली. अधिकारी दादाकडे वळले. “मग गाडी उभी का असते?”

दादानं मिशीवरून हात फिरवला. “कुत्रं आहे तिथं एक, साहेब,” तो शेवटी म्हणाला. “रस्त्यात आडवं येतं.”

“रोज? सात बावन्नला?”

“आहे, आहे कुत्रं,” आजी घाईनं म्हणाल्या. “मी पुढे चढत असले म्हणून काय झालं, ऐकून आहे. फार सावकाश चालतं हो.”

“वय झालंय त्याचं,” शिंपीमास्तर म्हणाले. “पण स्वभावानं गरीब. कोणाला चावत नाही.”

अधिकाऱ्यांनी कागदावर बोट फिरवलं. “रविवारी खोळंबा दिसत नाही.”

“रविवारी सुट्टी असते ना त्याला,” आजी म्हणाल्या.

“कुत्र्याला?”

आजी गडबडल्या, पण आता त्यांना थांबता येईना. अधिकाऱ्यांनी पुढे वाचलं, “आणि गेल्या वर्षी मार्चमध्ये सलग चौदा दिवस खोळंबा नाही.”

“तेव्हा त्याचं ऑपरेशन झालं होतं,” आजी म्हणाल्या. “हर्नियाचं.”

घड्याळरावांचा हात आपोआप पोटाच्या डाव्या बाजूला गेला. गेल्या वर्षी मार्चमध्ये चौदा दिवस ते रजेवर होते. बाकावरचे तिघंही जमिनीकडे बघत होते. दादा पंख्याकडे बघत होता. त्यांना आठवलं, रोज फाटकातून बाहेर पडलं की बसचं दार उघडं असायचं. उघडणारं दार त्यांनी अकरा वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. आणि आपण चढलो की बसमधलं कोणीतरी म्हणायचं, “आले घड्याळराव,” आणि सगळे खुशीत हसायचे. आदराचं हसू असतं तसं ते हसू होतं, असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं.

“हे बघा,” अधिकारी म्हणाले, “मी आजच पत्र पाठवून ते कुत्रं पकडायला माणसं धाडतो. सापडलं तर ठीक. नाही सापडलं तर चालकानं चौकशीत खोटं सांगितलं असं धरून बदली. तुम्ही तिथेच राहता ना? असं कुत्रं आहे का तिथे? हो किंवा नाही, एवढंच सांगा.”

“साहेब, राहू द्या,” दादा मध्येच म्हणाला. हे तो अधिकाऱ्यांना म्हणाला नव्हता. तो घड्याळरावांकडे बघत होता. “जाईन मी टेकडीपलीकडे. दोन तासांचा तर प्रश्न आहे.”

म्हणजे बदली पत्करून हा माणूस त्यांची लाज झाकत होता. घड्याळरावांना आयुष्यात इतकं ओशाळं कधी वाटलं नव्हतं. त्यांनी कोटाची बटणं लावली. निदान बटणं तरी जागेवर असावीत असं त्यांना वाटलं.

“आहे,” ते म्हणाले. “ते कुत्रं मी आहे.”

पंखा कुरकुरत राहिला. अधिकाऱ्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. “लेखी द्याल?”

घड्याळरावांनी जागीच मसुदा केला. चार ओळींचा, विशेषणाशिवाय. त्यात ‘मला रोज उशीर होतो’ हे वाक्य होतं आणि ते लिहून झाल्यावर त्यांना ते तपासायची गरज वाटली नाही.

अधिकाऱ्यांनी ते दोनदा वाचलं. मग दादाला विचारलं, “पण हे येणार आहेत की घरीच आहेत, हे तुला खालून कसं कळायचं?”

“टॉवेल,” दादा म्हणाला. “हिरवा. वहिनी गॅलरीत टाकतात. टॉवेल असला की साहेब येणार. नसला की मी थांबत नाही.”

घड्याळराव बाकावर बसले. या खेपेला सिस्टरनं सरकून त्यांना जागा दिली.

निकाल मात्र कोणालाच अपेक्षित नव्हता असा लागला. प्रवाशासाठी गाडी थांबवणं हा गुन्हा होता. पण एकाच जागी, एकाच वेळी, अकरा वर्षं गाडी थांबत असेल आणि तरीही शेवटच्या थांब्यावर वेळेत पोचत असेल, तर चूक चालकाची नव्हती, वेळापत्रकाची होती. वेळापत्रक विभागाचे प्रमुख आणि चौकशी अधिकारी यांच्यात एका बढतीवरून सात वर्षं बोलणं नव्हतं. अधिकाऱ्यांनी फार आनंदानं वेळापत्रक विभागाला ठपका लिहिला. दादा त्याच्या गाडीवर परत आला. त्या थांब्यावर ‘दोन मिनिटे अधिकृत विश्रांती’ मंजूर झाली. मंजुरीपत्रात ‘कारण’ असा रकाना होता. त्यात लिहिलं होतं: ‘प्रवासी (एक)’. ते वेळापत्रक चौकटीत घालून घड्याळरावांच्या फाटकाशेजारी लावण्यात आलं, आणि उपअधीक्षकांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला तो एक प्रवासी कोण ते सांगायचं काम आपणहून अंगावर घेतलं.

त्या सोमवारी घरी आल्यावर घड्याळराव थेट गॅलरीत गेले होते. कठड्यावर टॉवेल नव्हता. वाळून आत गेला होता.

“अकरा वर्षं?” त्यांनी विचारलं.

“पहिली दोन वर्षं उशीचा अभ्रा घालत होते,” बायको म्हणाली. “पण तो लांबून दिसायचा नाही.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर लवकर निघाला असतात?”

“अर्थात.”

“नाही. बसचं घड्याळ चुकतंय म्हणून पत्र लिहिलं असतंत.”



नवं वेळापत्रक लागलं त्या दिवसापासून घड्याळराव सात पन्नासला थांब्यावर हजर राहू लागले. बस येई, दार उघडे, ते चढत, आणि मग मंजूर झालेली दोन मिनिटं सगळी बस त्यांच्यासकट त्यांचीच वाट बघत उभी राही. ही दोन मिनिटं फार मोठी होती, आणि ती चुकू नयेत म्हणून आजी आणि गाठोड्यासकट शिंपीमास्तर आता घड्याळरावांच्या आधीच्या थांब्यावरूनच चढत. पहिल्या दिवशी आजींनी त्यांना सुपारी देऊ केली, दुसऱ्या दिवशी शिंपीमास्तरांनी कोटाचं सैल बटण ओढून पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः होऊन दादाला विचारलं, “आई कशी आहे?” दादानं आरशातून बघितलं आणि आईच्या गुडघ्यांची हकिकत पूर्ण दोन मिनिटं सांगितली.

महिन्याभरानं समोरच्या इमारतीत एक तरुण दंतवैद्य बाई राहायला आल्या. पहिल्याच सकाळी दोन मिनिटं संपली, दादानं दार लावायला हात नेला, आणि समोरच्या फाटकातून त्या एक बूट घालत बाहेर पडताना दिसल्या. दादाचा हात घुटमळला. यंत्र चालू होतं, आणि आता वरून त्यावर नजर होती. नियमाप्रमाणे निघायला हवं होतं. दादानं आरशात बघितलं. आजींनी, सिस्टरनं बघितलं.  घड्याळराव उठले, दारापाशी गेले आणि त्यांच्या हातातली छत्री खालच्या पायरीवर पडली.

ती उचलायला त्यांना चाळीस सेकंद लागले. वाकणं सोपं नव्हतं. हर्निया होऊन गेला होता. दार छत्रीवर लावता येत नाही, असा नियम होता. दंतवैद्य बाई धापा टाकत चढल्या.

तेव्हापासून रोज सात चोपन्नला घड्याळरावांची छत्री पडते. ऊन असो, पाऊस असो, ती त्यांच्याबरोबर असते. नोंदवहीत दादा ‘प्रवाशाची वस्तू पडली’ असं लिहितो. पडली की आजी ओरडतात, “सांभाळून हो,” आणि मास्तर खिडकीकडे तोंड करून हसतात.

परवा बाई त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. श्वास जागेवर आल्यावर त्यांनी केस बांधले आणि घड्याळ पाहिलं.

“दोन महिने झाले, काका, एकदाही बस चुकली नाही माझी,” त्या म्हणाल्या. “मी फाटकातून निघते आणि बस समोर. वेळेचं मला लहानपणापासूनच फार आहे.”

 आजींची सुपारी तोंडातच राहिली. आरशात दादाच्या मिशा दिसत होत्या. घड्याळरावांनी तोंड उघडलं. त्यांच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. तारीख, वेळ, सेकंद, हवं तर परिशिष्टासह.

“आणि रागावू नका हं,” बाई आवाज खाली आणून म्हणाल्या, “पण रोज बघते, तुमच्या हातून छत्री निसटते. हाताला कंप असेल. एकदा दाखवून घ्या कोणाला तरी.”

घड्याळरावांनी तोंड मिटलं. छत्री मांडीवर सरळ आडवी ठेवली.

“हो,” ते म्हणाले. “घेतो दाखवून.”